महूतल्या लष्करी प्रात्यक्षिकाचा 'जबरदस्त' फोटो: त्यावर नेमकं काय बोलावं?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. इंदूरच्या तुमच्या छायाचित्र मंडळात एका सभासदानं महूच्या लष्करी प्रात्यक्षिकाचा फोटो मांडलाय. एमआय-१७ हेलिकॉप्टर हवेत स्थिर, दोरावरून तीन जवान उतरताहेत, खाली धुरळा आणि डावीकडे अगदी पुढे रायफल रोखलेला एक जवान. लेन्स ४०० मिमी, शटरचा वेग १/३२०० सेकंद, लेन्सचं छिद्र एफ/४, सेन्सरची संवेदनशीलता आयएसओ २००, वेळ सकाळी अकराची. सगळे 'जबरदस्त' म्हणून मोकळे झाले. तुम्हाला काहीतरी खटकतंय, पण काय ते सांगता येत नाही, आणि रविवारी बोलायची पाळी तुमची आहे.

खटकतोय तो बहुधा पंखा. एमआय-१७चा मुख्य पंखा पाच पात्यांचा, मिनिटाला साधारण १९२ फेरे मारणारा. १/३२०० सेकंदात तो अर्धा अंशसुद्धा फिरत नाही. त्यामुळे पाचही पाती सुरीनं कापल्यासारखी स्वच्छ येतात आणि एवढं मोठं यंत्र शोकेसमधल्या खेळण्यासारखं दिसतं. खाली धुरळा उडतोय, वर पंखा बंद. डोळ्याला हे पटत नाही. १/१६० ठेवलं असतं तर पातं सात अंशांच्या आसपास फिरलं असतं, टोकाशी सव्वा मीटरहून जास्त. तेवढ्यानं पंखा जिवंत होतो. त्याच उन्हात आयएसओ १००, १/१६०, एफ/१३ घेतलं की उजेड तेवढाच पडतो, उजेड कमी करणारा वेगळा फिल्टरही लागत नाही.

पण एवढं सांगून थांबलात तर कुणीतरी विचारेलच, 'मग जवान हलले नसते का?' हलले असते. दोरावरून माणूस सेकंदाला तीन मीटरनं घसरत असेल, तर १/१६० मध्ये दोन सेंटीमीटर सरकतो आणि ४०० मिमीवर ते दिसतं. यावर उपाय दोन. एक, कॅमेरा त्याच्याबरोबर वरून खाली फिरवायचा. दुसरा मला जास्त पसंत आहे: क्षण निवडायचा. दारातून बाहेर पडलेल्या जवानानं दोर धरलाय, पाय अजून दोराला आवळलेले नाहीत, मागच्याचा बूट दाराच्या काठावर आलाय. त्या घटकेला माणूस जवळजवळ स्थिर असतो आणि ताण सगळ्यात जास्त असतो. या फोटोतले तिघेही दोराच्या मधोमध, सारख्या अंतरावर, आपल्याकडे पाठ करून आहेत. तिघांपैकी एकाचंही काही वेगळं घडत नाही. स्लिदरिंगचा, म्हणजे असं दोरावरून उतरण्याचा, कुठलाही फोटो बघताना दार आणि जमीन ही दोन टोकं आधी तपासा. मधला भाग बहुतेक वेळा नुसता लोंबता असतो.

चेहरा दिसत नाही म्हणून मात्र गुण कापू नका. २३ फेब्रुवारी १९४५ला जपानच्या इवो जिमा बेटावर अमेरिकन छायाचित्रकार जो रोझेन्थलनं टिपलेल्या झेंड्याच्या फोटोत एकही चेहरा धड दिसत नाही. हात, पाठी आणि तिरका खांब, एवढ्यावर तो उभा आहे. अंगाच्या ठेवणीतून काम कळलं पाहिजे, बस.

आता पुढचा जवान. तो धूसर आहे, हेलिकॉप्टर स्पष्ट. फोटोग्राफर म्हणेल की 'खोली' आणली. ४०० मिमी, एफ/४ वर ऐंशी मीटरला फोकस केला तर स्पष्टतेचा पट्टा जेमतेम नऊ-दहा मीटरचा. वीस मीटरवरचा माणूस त्यात येणं शक्यच नाही, आणि एफ/१३ केलं तरी दोघं एकदम स्पष्ट येत नाहीत. म्हणजे ठरवायला हवं होतं: एकतर तो जवान फोटोचा नायक, नाहीतर तो नकोच. सध्या डावीकडची चौथाई जागा एका हिरवट डागानं अडवलीय, शिवाय रायफलची नळी कडेला कापली गेलीय. नळी कापणं ही अशा फोटोतली सगळ्यात सर्रास चूक आहे. रोख जिकडे आहे तिकडे मोकळी जागा लागते. इथे डावीकडून कापून उभी चौकट केली तर फोटो सुधारेल. रविवारी पडद्यावर करूनच दाखवा.

फोटो मोठा करून कडा बघा. हेलिकॉप्टरभोवती पांढरट वलय असेल तर संगणकावर 'क्लॅरिटी' (कडा उठावदार करणारी सोय) फार ताणलीय. पाती वाकलेली दिसली तर बहुधा इलेक्ट्रॉनिक शटर वापरलंय; सेन्सर ओळीओळीनं वाचला जातो आणि तेवढ्यात पातं पुढे सरकतं. पात्यांचं गोठणं आणि वाकणं, दोन्ही गोष्टी घरच्या छताच्या पंख्याखाली समजून घेता येतात. तो पूर्ण वेगात मिनिटाला तीनशेच्या वर फिरतो, म्हणजे ध्रुव हेलिकॉप्टरच्या पंख्याच्या जवळपास. मेकॅनिकल शटरवर १/६० ते १/२००० फोटो काढा, मग इलेक्ट्रॉनिकवर तेच करा. ध्रुवचा पंखा असाच जिवंत दिसायला १/१६० ऐवजी १/२५० का लागतं तेही तिथेच कळेल. सगळं चित्रच मऊ, लिबलिबीत वाटत असेल तर मात्र फोकसला दोष देऊ नका. अकरा वाजता तापलेल्या मैदानावरून लांब लेन्सनं बघितलं की हवाच थरथरते. महागडी लेन्सही तिथे काही करू शकत नाही, लवकर जाणं हाच इलाज.

धुरळा 'वाढवलाय' अशी शंका तुम्ही घेतलीय. एकच वळण, एकच गुठळी पुन्हा पुन्हा येते का ते शोधा. ऑगस्ट २००६ मध्ये बैरूतच्या एका फोटोत धूर असाच, तोच तुकडा पुन्हा पुन्हा चिकटवून, वाढवलेला निघाला. रॉयटर्स वृत्तसंस्थेनं फोटो मागे घेतला आणि त्या फोटोग्राफरशी काम थांबवलं. तुमच्या सभासदानं तसं केलं असेलच असं नाही, नुसता कॉन्ट्रास्ट चढवला तरी धुरळा दाट दिसतो. मूळ रॉ फाइल (कॅमेऱ्यातली, काहीही न बदललेली) मागा, दोन मिनिटांत निकाल लागतो. संशय मात्र भर सभेत बोलून दाखवू नका.

शेवटी शीर्षक. सभासदानं दिलेलं 'रणभूमी' हे नाव खोटं आहे. रायफलच्या तोंडाशी कोरी, म्हणजे बिनगोळीची, काडतुसं झाडण्याचा जोड दिसतोय का बघा. असेल तर खरी गोळी नाही हे उघडच झालं. मागे उजवीकडे दोरखंड आणि प्रेक्षकांची कनात दिसते असं तुम्हीच लिहिलंय. ती कापून किंवा पुसून टाकण्यापेक्षा 'लष्करी प्रात्यक्षिक, महू' असं लिहिलं तर फोटोचं काही बिघडत नाही. उलट कनातीतली माना वर केलेली चार माणसं ठेवली असती तर हेलिकॉप्टर किती मोठं आहे हे कळलं असतं. एक पंखा सोडला तर मला या फोटोतली सगळ्यात मोठी हुकलेली संधी तीच वाटते.

आणि हो, मंडळाच्या ग्रुपवर मूळ फाइल फिरवण्याआधी त्यातली जीपीएसची (फोटो कुठे काढला त्याची) नोंद काढून टाकायला सांगा. प्रात्यक्षिकाला फोटोची मुभा होती म्हणून छावणीतल्या इतर इमारती, अँटेना, गाड्यांचे क्रमांक टिपायचीही मुभा मिळते असं नाही. शासकीय गुपिते अधिनियम १९२३चा आहे, पण आजही लागू आहे.