सोळा-शून्यचा हिशेब

गेल्या अंकात थायलंडमधल्या चियांग माईच्या भारत-थायलंड महिला फुटबॉल सामन्याबद्दल चार ओळी खरडल्या होत्या. त्यावर आलेल्या पत्रांना ही उत्तरं. सगळी छापायला जागा नाही, ज्यांची राहिली त्यांनी रागावू नये.

प्रश्न : बाई, थायलंडला २-१ हरवलं म्हणून तुम्ही आपल्या महिला फुटबॉल संघाचं फारच कौतुक केलंत. माझ्या मुलाने मोबाइलवर शोधून दाखवलं की याच संघाने एका सामन्यात सोळा गोल खाल्लेत. हे खरं आहे का? असेल तर कौतुक कसलं?
*(एक निवृत्त बँक कर्मचारी, मिरज)*

खरं आहे. तारीखही सांगते : ११ डिसेंबर १९९८. बँकॉकचे आशियाई खेळ, चीन १६, भारत ०. आपल्या मुलींचा आजवरचा सर्वांत मोठा पराभव तोच.

तो निकाल माझ्या लक्षात राहिला माझ्याच लबाडीमुळे. तेव्हा मी कोल्हापुरात एका शाळेत पी.टी. शिकवायचे आणि सकाळी खेळाच्या बातम्या खडूने फळ्यावर लिहायचे. त्या दिवशी बाकी सगळं लिहिलं, फुटबॉलची ओळ तेवढी गाळली. पण सातवीतल्या एका पोरीने घरी पेपर वाचला होता. मधल्या सुट्टीत आली आणि म्हणाली, "बाई, सोळा गोल खायला नव्वद मिनिटं पुरली कशी?" मी तिला हाकलली. घरी येऊन मात्र भागाकार केला. साडेपाच मिनिटांना एक. प्रत्येक गोलनंतर चेंडू मध्यावर आणून पुन्हा सुरू करायला जातो तो वेळ वजा केला, तर त्याहून कमी.

आता मोबाइलवर त्या आकड्याशेजारी जे लिहिलेलं नसतं ते ऐका. हाच चीनचा संघ सात महिन्यांनी, १० जुलै १९९९ ला, पासाडेनाच्या रोज बोल मैदानावर विश्वचषकाच्या फायनलमध्ये होता. अमेरिकेशी ०-० बरोबरी, टायब्रेकरला ४-५. एका किकने जगज्जेतेपद हुकलेला संघ तो. आणि त्या सोळा गोलांच्या वर्षभर आधी, १९९७ च्या आशियाई स्पर्धेत (हिलाच पुढे आशियाई चषक नाव पडलं), आपण जपानकडून किती गोलांनी हरलो होतो? एका. ०-१. त्याच जपानने २०२३ मध्ये ताश्कंदला, ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत, आपल्याला ७-० ने धुतलं. मला सोळा गोलांपेक्षा हा एकाचा सात झालेला जास्त लागतो.

अजून मागे जाऊ या. १९८० ची आशियाई स्पर्धा केरळात, कालिकतला झाली. भारताने दोन संघ उतरवले होते, त्यातला एक थेट फायनलला गेला आणि तैवानकडून ०-२ हरला. १९८१ ला हाँगकाँगमध्ये तिसरा नंबर. १९८३ ला बँकॉकमध्ये पुन्हा उपविजेते. त्याच वर्षी शांती मल्लिक यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. फुटबॉलसाठी तो मिळालेल्या त्या पहिल्या बाई. हे सांगितलं की लोक म्हणतात, "बघा, तेव्हा आपण आशियात दुसरे होतो!" मी त्यांना जरा दमाने घ्यायला सांगते. तेव्हा आशियात बायकांचा फुटबॉल खेळणारे देशच मोजके होते. चीन उतरला १९८६ ला, आणि उतरला तो जिंकूनच. जपानने महिला संघ उभा केला तोच मुळी १९८१ च्या त्या स्पर्धेसाठी. म्हणजे आपण त्यांच्या आधी मैदानात होतो. हा मुद्दा खरा.

मग झालं काय? जपानमध्ये बायकांची लीग सुरू झाली १९८९ ला. आपली इंडियन वुमेन्स लीग २०१६-१७ ला. मधली सत्तावीस वर्षं आपल्या मुली राष्ट्रीय स्पर्धेपुरत्या जमायच्या, मणिपूर जिंकायचं, आणि पांगायच्या. २००९ मध्ये तर फिफाने, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेने, आपल्याला क्रमवारीतून काढून टाकलं, कारण दीड वर्ष आपण आंतरराष्ट्रीय सामनाच खेळलो नव्हतो. शाळेच्या भाषेत सांगायचं तर आपण नापास झालो नाही, हजेरीपटावरूनच नाव गेलं. अन् नापास पोरापेक्षा हे पोर वर आणणं अवघड, हे कुठलीही बाई सांगेल.

आता चियांग माईकडे या. थायलंड हा दोन विश्वचषक खेळलेला देश. २०१४ च्या इंचॉनच्या आशियाई खेळांत त्यांनी आपल्याला १०-० ने हरवलं होतं. ५ जुलै २०२५ ला, त्यांच्याच देशात, संगीता बासफोरने दोन गोल मारले आणि आपण २-१ जिंकलो. त्याआधी मंगोलियावर १३-०, तिमोर-लेस्तेवर ४-०, इराकवर ५-०. पात्रता फेरी खेळून आपण आशियाई चषकात पहिल्यांदाच पोचलो. यात जादू काही नाही. या मुली वर्षाच्या सुरुवातीला शारजात रशिया आणि दक्षिण कोरियाशी खेळल्या आणि हरल्या. मग बंगळूरला उझबेकिस्तानशी दोनदा खेळल्या, दोन्ही वेळा ०-१ हरल्या. प्रशिक्षक क्रिस्पिन छेत्रींच्या हाताखाली आठवडेच्या आठवडे एकत्र राहिल्या. हरायला का होईना, सामने मिळाले. हरल्या किती हे तुमच्या चिरंजीवांनी शोधलं, आता कुठल्या वर्षी खेळल्या किती तेही शोधायला सांगा.

प्रश्न : आपला महिला संघ विश्वचषक खेळला आहे का? हो किंवा नाही एवढंच सांगा.
*(स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, परभणी)*

नाही. एवढंच विचारलंत, पण परीक्षेला येईल म्हणून पुढचंही लिहून ठेवा : मार्च २०२६ चा ऑस्ट्रेलियातला आशियाई चषक हीच २०२७ च्या ब्राझील विश्वचषकाची पात्रता फेरी. त्याची सोडत जुलै २०२५ अखेरीस निघाली. आपल्या गटात व्हिएतनाम, चिनी तैपेई (म्हणजे तैवानच) आणि, हो, जपान.

प्रश्न : २०२२ चा आशियाई चषक आमच्या घरापासून दोन किलोमीटरवर होता. यजमान असून भारताला बाहेर काढलं. नियम एवढे कडक कशाला? आणि यात दोष कोणाचा?
*(एक गृहिणी, नेरूळ)*

ताई, तुमच्या पत्रात अजून राग दिसतो, आणि तो मला समजतो.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी : २० जानेवारी २०२२ ला डी. वाय. पाटील स्टेडियमवर आपला पहिला सामना इराणशी झाला. इराण पहिल्यांदाच या स्पर्धेत आला होता. आपल्याला संधी मिळाल्या, गोल झाला नाही, ०-०. मी घरी टीव्हीसमोर उशी आपटत होते. २३ तारखेला, रविवारी, चिनी तैपेईशी सामना होता. तोवर करोना हॉटेलात शिरला होता. इतक्या मुली पॉझिटिव्ह निघाल्या की किमान तेरा खेळाडूही उभ्या करता येईनात. नियमाप्रमाणे संघाने माघार घेतली असं धरलं गेलं, आणि इराणविरुद्धची ती बरोबरीसुद्धा रद्द झाली. त्या स्पर्धेच्या गुणतक्त्यात आपल्या नावापुढे पराभवही नाही, बरोबरीही नाही. कोरी पाटी.

नियम कडक का? बारा संघ, तीन शहरं (नवी मुंबई, मुंबई, पुण्याचं बालेवाडी), अठरा दिवस. एकासाठी थांबले असते तर सगळ्यांचं वेळापत्रक कोसळलं असतं. नियम बरोबर होता असंच माझं मत आहे. दोष कोणाचा, यावर मी इथे बसून बोट दाखवणार नाही. मला एवढंच दिसतं की त्या संघातल्या काही मुलींचं वय तेव्हा ऐन खेळण्याचं होतं, आणि घरचा आशियाई चषक दर चार वर्षांनी येत नाही.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फिफाने भारतीय फुटबॉल महासंघालाच निलंबित केलं होतं, संघटनेच्या कारभारात बाहेरचा हस्तक्षेप झाला म्हणून. अकरा दिवसांत ते उठलं आणि सतरा वर्षांखालच्या मुलींचा विश्वचषक भारतात वेळेवर झाला. त्यात आपण अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३, ब्राझीलकडून ०-५ हरलो. फायनल तुमच्याच डी. वाय. पाटीलवर, ३० ऑक्टोबरला. आम्ही कोल्हापूरहून पोरींना बसने घेऊन आलो होतो. डबे, दोन ढोलकी, आणि लोणावळ्यापर्यंत उलट्या करणारी एक गोलकीपर. स्पेनने कोलंबियाला १-० ने हरवलं, तेही कोलंबियाच्याच एका मुलीच्या पायाला लागून चेंडू आत गेला, ब्याऐंशीव्या मिनिटाला. परत येताना बसमध्ये स्पेनबद्दल कुणी बोललं नाही. सगळ्या त्या कोलंबियाच्या मुलीबद्दल बोलत होत्या. "तिला कुणी ओरडलं असेल का हो बाई?"

प्रश्न : माझी मुलगी चौदा वर्षांची आहे. आमच्या गावात फुटबॉल सगळ्यांच्या रक्तात, पण मुलांच्या. तिला फुटबॉलच खेळायचंय. पुढच्या वर्षी दहावी. पुढे काही आहे का यात?
*(एक आई, गडहिंग्लज)*

वहिनी, खोटं बोलत नाही. पैसा थोडा आहे. पण काहीच नाही असंही नाही.

आधी कडू. देशातल्या वरच्या लीगमध्ये २०२४-२५ ला आठ संघ होते. ईस्ट बंगाल जिंकलं. आठांत महाराष्ट्राचा एकही नाही. ज्या कोल्हापुरात पेठेपेठेतल्या तालमींचे संघ आहेत, शाहू स्टेडियमवर सामना असला की दुकानं ओस पडतात, तिथल्या मुलीला लीग खेळायची तर गाठोडं बांधून केरळ, बंगाल किंवा ओडिशा गाठावं लागतं. याबद्दल मी सभांमधून बोलून थकले. चहा मिळतो, उत्तर मिळत नाही.

आता गोड. मणिपूरची बेमबेम देवी पोलिसात नोकरीला होती, पुढे तिला पद्मश्री मिळाली. बाला देवीही मणिपूर पोलिसातलीच. २०२० मध्ये ती स्कॉटलंडच्या रेंजर्सकडून व्यावसायिक फुटबॉल खेळली. मनीषा कल्याण २०२२ मध्ये सायप्रसच्या क्लबकडून युरोपच्या चॅम्पियन्स लीगमध्ये उतरली, त्या स्पर्धेत खेळलेली पहिली भारतीय. सगळ्यांना हे जमणार नाही. पण क्रीडा कोट्यातली नोकरी आणि दहावीचे क्रीडा गुण, हे आपल्या घरांना कळणारे हिशेब आहेत. सासरेबुवांना तेवढे सांगा, बाकीचं नंतर.

दुसरं, शेजारी बघा. दक्षिण आशियाची सॅफ स्पर्धा आपण २०१० पासून सलग पाच वेळा जिंकलो. २०१० ला भूतानला तर १८-० हरवलं. तो आकडा मला कधी गोड लागला नाही. सोळा खाणाऱ्यांच्या जागी कोण उभं असतं ते मला माहीत होतं. आपण या विजेतेपदांवर खूश राहिलो आणि इकडे बांगलादेशने पोरींना ढाक्यात वर्षानुवर्षं एकत्र ठेवून सराव दिला. कलसिंदूर नावाचं त्यांचं एक गाव आहे. तिथल्या एका प्राथमिक शाळेतून राष्ट्रीय संघात कितीतरी मुली गेल्या. २०२२ आणि २०२४ ची सॅफ बांगलादेशने जिंकली. आपण दोन्ही वेळा उपांत्य फेरीत नेपाळकडून हरलो. एका गावची शाळा काय करू शकते हे मी तुम्हाला गडहिंग्लजला सांगायची गरज नाही.

मुलीला कुठल्याही क्लबात घालताना एकच प्रश्न विचारा : वर्षाला सामने किती? "रोज सराव असतो" हे उत्तर आलं तर चहा पिऊन घरी या. महागडे बूट लगेच घेऊ नका, या वयात पाय सहा महिन्यांत वाढतो.

प्रश्न : तुम्ही नेहमी मणिपूर-बंगालचं लिहिता. आमच्या गोव्याचं काहीच नाही?
*(एक वाचक, म्हापसा)*

चूक कबूल. मेमॉल रॉकी तुमच्याच. २०१७ पासून २०२१ पर्यंत त्या राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षक होत्या. त्यांच्याच काळात आपण ऑलिंपिक पात्रतेच्या दुसऱ्या फेरीत पहिल्यांदा गेलो. एप्रिल २०१९ ला म्यानमारमधल्या मंडालेत इंडोनेशिया आणि नेपाळला हरवलं. शेवटच्या सामन्यात म्यानमारवर विजयच हवा होता, झाली ३-३ बरोबरी. तीन गोल मारूनही बाहेर. त्या सामन्याबद्दल एक लेख तुम्हीच लिहून पाठवा, छापते.

प्रश्न : बाई, मी सहावीत आहे. कुणीच गोलकीपर व्हायला तयार नसतं म्हणून मला उभं करतात. गोल झाला की सगळ्या मला ओरडतात. मी काय करू?
*(इयत्ता सहावी, कागल)*

तू पत्र लिहिलंस हे फार बरं केलंस. गोल झाला की आधी मोज, तुझ्यापर्यंत यायच्या आधी चेंडू किती जणींच्या पायातून गेला. ओरडणाऱ्या पोरींना तो आकडा सांग. चियांग माईत आपल्या गोलात पंथोई चानू होती, तिचे सामने मोठ्या भावाला मोबाइलवर लावून द्यायला सांग आणि चेंडू लांब असताना ती कुठे उभी राहते तेवढंच बघ. गोलातच उभी असते का, की पुढे येते? आणि हातमोजे घे. बाजारात छान रंगाचे मिळतात ते नको, बोटाला घट्ट बसणारे घे. एक माप मोठे घेऊ म्हणून आई म्हणेल, ऐकू नकोस. मोठे घेतले तर चेंडू निसटतो.