आरसिंकने (फाइली कॉपी करायचा प्रोग्राम) सर्व्हरवर फाइली कॉपी केल्या की वेबसाइट 403, म्हणजे 'परवानगी नाही' ही एरर दाखवते. सरळ 777, म्हणजे सगळ्यांना वाचायची, बदलायची आणि चालवायची परवानगी, देऊन टाकू का?

नाही, 777 अजिबात देऊ नका. एरर कदाचित जाईल, पण त्या सर्व्हरवरच्या कुठल्याही युजरला तुमच्या फाइली बदलता येतील.

तुम्ही लिहिलंय की लॅपटॉपवर सगळं नीट चालतं आणि आरसिंक -ए ने पाठवलं की बिघडतं. बहुधा गोची त्या -ए मध्येच आहे. तो परवानग्या जशाच्या तशा पुढे नेतो. लॅपटॉपवर फाइल 600 असेल, म्हणजे फक्त मालकाला वाचता येत असेल, तर सर्व्हरवरही ती 600च राहते. लॅपटॉपवर मालक तुम्हीच, त्यामुळे काही जाणवत नाही. सर्व्हरवर वेबसर्व्हर सहसा वेगळ्याच युजरच्या नावाने चालतो, त्याला ती फाइल वाचता येत नाही. एलएस -एल (फाइलींची यादी परवानग्यांसह दाखवणारा आदेश) करून आधी हे बघून घ्या.

मग कॉपी करतानाच परवानग्या ठरवा. त्याच आदेशात --सीएचमॉड=डी755,एफ644 जोडा (डी आणि एफ कॅपिटल). डी फोल्डरसाठी, एफ फाइलींसाठी. 755 म्हणजे मालकाला सगळं, बाकीच्यांना वाचणं आणि एक्झिक्यूट; 644 म्हणजे मालकाला वाचणं-बदलणं, बाकीच्यांना फक्त वाचणं. हे दोन वेगळे ठेवावेच लागतात, कारण फोल्डरमध्ये शिरायला एक्झिक्यूटची परवानगी लागते; फोल्डरलाही 644 दिलंत तर आतलं काहीच उघडणार नाही. आधी पाठवलेल्या फाइली पुसायची गरज नाही. हाच आदेश पुन्हा चालवला की मजकूर परत न पाठवता आरसिंक फक्त परवानग्या दुरुस्त करतो. धाकधूक वाटत असेल तर आधी -एनआय लावून बघा: प्रत्यक्षात काही बदलत नाही, नुसती यादी येते, आणि ज्या ओळीच्या सुरुवातीच्या खुणांमध्ये पी दिसतो तिथे परवानगी बदलणार असते.

दोन ठिकाणी मात्र जपा. एफ644 मुळे स्क्रिप्टची एक्झिक्यूटची (चालवायची) परवानगी जाते, ती नंतर हाताने द्या. आणि डेटाबेसचा पासवर्ड असलेली फाइल 644 ठेवू नका. तिला 640 द्या (मालक आणि ग्रुप सोडून कुणालाच वाचता येत नाही) आणि तिचा ग्रुप वेबसर्व्हरचा करा. पुढच्या कॉपीत ती --एक्सक्लूडने वगळा, नाहीतर ती पुन्हा सगळ्यांना वाचता येईल.

पेनड्राइव्हवरून फाइली नेत असाल तर गोष्ट वेगळी. पेनड्राइव्हच्या एक्सफॅट फॉरमॅटमध्ये लिनक्सच्या परवानग्या साठवल्याच जात नाहीत, म्हणून तिथे आधी टार करून, म्हणजे सगळ्या फाइली परवानग्यांसह एकाच फाइलीत बांधून न्या.