58 हजारांचा डबा आणि आईची पॉलिसी

नागपुरातल्या मनीष नगरच्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय 36, मिहानमधल्या कंपनीत नोकरी, हातात येणारा पगार 74 हजार. घरी पत्नी, चार वर्षांची मुलगी आणि 66 वर्षांची आई. पुण्यातला एक संग्राहक जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावाचा 'एके 100' हा क्रायटेरियन या अमेरिकी कंपनीने काढलेला 25 चित्रपटांचा डीव्हीडी संच 58 हजारांना विकतो आहे. वाचक लिहितात, "क्रायटेरियनचा आहे, आता निघत नाही. दहा वर्षांत दुप्पट-तिप्पट होईल. म्हणजे हौसही होते आणि गुंतवणूकही. पत्नी म्हणते, आधी कोणाला तरी विचारून घ्या." यातले 30 हजार एफडीतून काढायचे आणि 28 हजारांचं कर्ज क्रेडिट कार्डावर घ्यायचं, असा बेत आहे. विकणारा रविवारपर्यंत थांबणार आहे.

वहिनींचं ऐकलंत, बरं केलंत. आणि ते रविवारचं फार मनावर घेऊ नका. इतकी वर्षं कपाटात बसलेला डबा सोमवारी पळून जात नाही.

आधी तुमचा गुंतवणुकीचा मुद्दा घेतो, कारण तुमची सगळी मांडणी त्यावरच उभी आहे. हा संच डिसेंबर 2009 मध्ये, कुरोसावाच्या जन्मशताब्दीच्या तोंडावर अमेरिकेत निघाला. छापील किंमत 399 डॉलर. तेव्हा डॉलर 46-47 रुपयांच्या घरात होता, म्हणजे साधारण साडेअठरा हजार रुपये. आज तुम्हाला 58 हजार मागताहेत. सोळा वर्षांत तिपटीहून थोडं जास्त, म्हणजे वर्षाला साडेसात टक्क्यांच्याही किंचित खाली. तेच साडेअठरा हजार तेव्हा पीपीएफमध्ये टाकून विसरून गेला असता, तर त्या त्या वर्षीच्या व्याजदरांनी आज 60 हजारांच्या वर झाले असते. झुरळ नाही, बुरशी नाही, कुरियरवाल्याची आदळआपट नाही. शिवाय या वाढीतला मोठा हिस्सा रुपया घसरल्याचा आहे, डब्याचा नाही. डॉलरमध्ये मोजलंत तर वाढ वर्षाला तीन टक्क्यांच्या आसपास येते.

आणि 58 हजार ही मागितलेली किंमत आहे, कोणी मोजलेली नव्हे. ईबेवर 'सोल्ड' चा फिल्टर लावून बघा. मागणारे काहीही मागतात, सौदा कितीला पटला ते तिथे दिसतं. उद्या तुम्ही विकायला बसाल तेव्हा गिऱ्हाईक कोण? मोझर बेअरने 2007 च्या आसपास 28 रुपयांत व्हीसीडी आणि 34 रुपयांत डीव्हीडी विकून आपल्याकडच्या लोकांच्या डोक्यात डिस्कचा भाव कायमचा बसवून टाकला. ती कंपनीही पुढे दिवाळखोरीत निघाली. देशभरात अशा संचाला चांगला भाव देणारे किती निघतील? त्यातला एक पुण्यात आहे आणि तो विकून मोकळा होतो आहे. हे तुम्हाला जरा खटकायला हवं होतं.

'लिमिटेड' या शब्दाबद्दलही थोडं सांगतो. मर्यादा असते ती त्या वेष्टनाला, चित्रपटाला नाही. अमेरिकेत ट्वायलाइट टाइम नावाची कंपनी होती. एकेका चित्रपटाच्या तीन-तीन हजार ब्लू-रे, म्हणजे डीव्हीडीहून स्पष्ट चित्राच्या डिस्क, काढायची आणि थांबायची. 2011 साली त्यांनी 'फ्राइट नाइट' काढला. तो बघता बघता संपला आणि जुन्या मालाच्या बाजारात मूळ किमतीच्या कितीतरी पट भावाने फिरू लागला. मग 2015 मध्ये त्यांनीच आणखी पाच हजार प्रती काढल्या, 2022 मध्ये सोनीने फोर-केमध्ये आणला. महागात घेऊन बसलेले बसूनच राहिले.

तुमच्या डब्याचंही तेच झालंय. त्यात तोवर अमेरिकेत डीव्हीडीवर न आलेले चार सुरुवातीचे चित्रपट होते, ते त्याचं मोठं आकर्षण. 2010 मध्ये क्रायटेरियननेच ते चार वेगळ्या संचात आणले. 'सेव्हन समुराई' 2024 मध्ये फोर-केमध्ये आला. डीव्हीडीच्या चित्रात साडेतीन लाखांच्या आत ठिपके असतात, फोर-केमध्ये जवळपास 83 लाख. तुमच्याकडे 55 इंची टीव्ही असेल तर हा फरक पाहायला चष्माही लागणार नाही. त्यातून एके 100 मध्ये फक्त चित्रपट आहेत, माहितीपट किंवा मुलाखती नाहीत. कुरोसावाच्या 30 पैकी 25 चित्रपट आहेत, आणि त्याचा गाजलेला 'रान' त्यात नाही. कुरोसावाचा संच आणि 'रान' नाही! माझ्यासारख्याला तर तिथेच अर्धा उत्साह संपतो.

मग त्यात उरतं काय? कापडी वेष्टनाचा देखणा डबा आणि सोबतचं सचित्र पुस्तक. संग्राहक पैसे मोजतो ते याचेच, आणि त्यात चूक काहीच नाही. पण मग ती वस्तू नागपुरात टिकवायची कशी, हे बघावं लागतं. डीव्हीडी म्हणजे 0.6 मिलिमीटरच्या दोन चकत्या डिंकाने चिकटवलेल्या. उष्णता आणि ओल मिळून त्या जोडातून डिस्क आतून मारतात. वॉर्नर ब्रदर्स स्टुडिओने तर 2006 ते 2008 मध्ये बनलेल्या आपल्या काही डीव्हीडी खराब होत असल्याचं 2025 मध्ये स्वतः कबूल केलं.

आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर आणि खोलीत कूलर. धरमपेठेत भाड्याने राहायचो तेव्हा जुन्या सिनेमांचा एक डबा मी कूलरच्या अगदी तोंडासमोरच्या रॅकवर ठेवला होता. वाटलं, थंड राहील. जून संपेस्तोवर पुठ्ठ्याचे कोपरे फुगून पुरीसारखे झाले आणि पुस्तिकेची पानं एकमेकांना अशी चिकटली की सोडवताना अक्षरं समोरच्या पानावर उमटून आली. डिस्का छान चालत होत्या. विकायला गेलो तर घेणाऱ्याने डबा उलटापालटा करून पाहिला आणि अर्ध्याहून कमी भाव सांगितला. त्याचंही बरोबर होतं.

आता पैशाकडे येऊ. आधीच चालू असलेला कर्जाचा हप्ता 26,500, घरखर्च 28 हजार, एसआयपी 6 हजार. उरतात साडेतेरा हजार, ज्यांच्याबद्दल तुम्हीच लिहिलंय की "कुठे जातात कळत नाही". अडीअडचणीसाठी फक्त ती 1 लाख 10 हजारांची एफडी. नोकरी गेली तरी न टळणारा तुमचा महिन्याचा खर्च 54,500. म्हणजे गाठीशी दोन महिने आहेत, असायला हवेत सहा. त्यातून 30 हजार काढले की दीड महिनाही धड राहत नाही.

कार्डावरचं कर्ज 16 टक्क्यांनी 12 महिन्यांसाठी म्हणता. हप्ता साधारण 2,540, व्याज 2,490 च्या आसपास, त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी आणि वर प्रोसेसिंग फी. 58 चा डबा 61 हजारांवर जातो. जी वस्तू वर्षाला साडेसात टक्के वाढली तर वाढेल, ती 16 टक्क्यांच्या पैशाने घेणं हे कुठल्याच वहीत बसत नाही.

विकताना कर लागेल का, असंही विचारलंय. घरात वापरायला घेतलेली अशी वस्तू विकली तर भांडवली नफ्याचा कर सहसा लागत नाही. दागिने, चित्रं, शिल्पं यांना मात्र ही सूट नाही. पण तोटा झाला तर तोही दाखवता येत नाही. आणि अशी खरेदी-विक्री नियमित करू लागलात तर तो धंदा झाला.

मला पत्रातली सगळ्यात जास्त खटकलेली ओळ वेगळीच आहे. "कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आम्ही तिघं आहोत, आईचं अजून बघायचं आहे." हे बघायचं कधी? एप्रिल 2024 पासून विमा कंपन्यांना 65 वर्षांवरच्यांसाठीही आरोग्य विम्याची सोय ठेवावी लागते. आधीपासूनच्या आजारासाठीची वाट पाहायची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षांवर आली आहे, आणि सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक पॉलिसीवर जीएसटी नाही. ती तीन वर्षं पॉलिसी घेतल्या दिवसापासून मोजतात. आईंना बीपी असेल, शुगर असेल, तर फॉर्ममध्ये खरं लिहा. हप्ता महाग पडेल, पण रामदासपेठेतल्या दवाखान्यात चार दिवसांचं बिल त्याहून महाग पडतं.

म्हणून माझं मत: या रविवारी घेऊ नका. एफडी मोडू नका, कार्डाला हात लावू नका. साडेतेरा हजारांतले आठ हजार आईंचा हप्ता आणि अडचणीचा साठा यांच्यासाठी बाजूला काढा. अडीच हजार महिना हौसेच्या नावाने वेगळ्या खात्यात ठेवा, आणि त्याचा हिशेब वहिनींनीही विचारायचा नाही, हे आधीच ठरवून घ्या. दोन-तीन महिन्यांत आवडीचा एखादा कुरोसावा नव्या प्रतीत येईल. मागवताना एवढं बघा: अमेरिकन ब्लू-रे 'ए' विभागाच्या असतात आणि भारत 'सी' मध्ये येतो, म्हणजे इथल्या प्लेअरवर त्या चालतीलच असं नाही. फोर-के डिस्कला हे बंधन नसतं, पण तिचा प्लेअर वेगळा लागतो आणि सॅमसंग, ओप्पो हे त्या धंद्यातून केव्हाच बाहेर पडले आहेत. परदेशातून मागवाल तर कस्टम्स आणि पोस्टेजही धरून चाला.

तरीही मन त्या डब्यातच अडकलं असेल, तर वर्षाने हौसेच्या खात्यात 30 हजार जमतील. तेव्हा तोच डबा किंवा त्याचा भाऊ कुठेतरी विकायला असेलच. पैसे देण्याआधी पंचवीसही डिस्कांच्या खालच्या बाजूचे फोटो उजेडात काढून मागवा, कडेने डाग किंवा धुरकट वर्तुळ दिसलं तर सोडून द्या. आणि 58 वरून बोलणी सुरू करू नका, 'सोल्ड' च्या भावावरून करा.

एफडी पुढच्या महिन्यात पिकते म्हणता. ती आपोआप पाच वर्षांसाठी नूतनीकरण होणारी तर नाही ना, एवढं बँकेत जाऊन बघून या. अडचणीचा पैसा वर्षभराच्या मुदतीत ठेवा, आणि दोन पावत्या करा. म्हणजे मोडायची वेळ आलीच तर एकच मोडावी लागेल.