वाड्याच्या नक्षीदार दिवाणखान्याचं जलरंगातलं चित्र पांढरा रंग वापरल्यामुळे बाद ठरतं का? सर म्हणतात, जलरंगात पांढरा म्हणजे कागदाचाच. शिवाय माझं चित्र मळकट होतं. आणि त्यासाठी कागद कुठला घ्यावा?

बाद ठरत नाही. "जलरंगात पांढरा म्हणजे कागदाचाच", म्हणजे पांढरं हवं तिथे कागद कोरा सोडायचा, हे तुमच्या सरांचं वाक्य मी इंटरमिजिएटच्या वयात ऐकलंय. तेव्हाही पटलं नव्हतं.

वाईला आमच्या आजोळी वाडा होता. दिवाणखान्यात सुरूचे खांब, कोरीव महिरपी, तक्तपोशीला म्हणजे लाकडी छताला टांगलेल्या काचेच्या हंड्या. दुपारी जाळीतून ऊन आलं की कवडसे जाजमावर, खांबांवर, आजीच्या लुगड्यावर पडायचे. एका मे महिन्याच्या सुट्टीत मी ते सगळं रंगवलं आणि कवडसे व हंड्यांवरची चमक शेवटी पोस्टर व्हाइटने, म्हणजे अपारदर्शक पांढऱ्या रंगाने, उठवली. क्लासच्या प्रदर्शनात आमच्या सरांनी सगळ्यांसमोर चित्र उतरवलं. "ही लबाडी आहे. पांढरा खरवडून आण, मग लावतो." मी खरवडला नाही. पुढे वाडा पाडला. त्या दिवाणखान्याचा फोटोही कुणाकडे नाही, ते चित्र आहे.

जॉन फ्रेडरिक लुईस हा इंग्रज चित्रकार १८४१ ते १८५१ कैरोत राहिला. त्याचं 'द हरीम' १८५० मध्ये लंडनला जलरंगकारांच्या संस्थेच्या प्रदर्शनात लागलं. लाकडी जाळीतून घरात आलेलं ऊन, भिंतीवर आणि कपड्यांवर त्याची नक्षी. अशा चित्रांत तो पांढरा मिसळलेला अपारदर्शक रंग भरपूर वापरायचा. त्याच संस्थेने १८५५ मध्ये त्याला अध्यक्ष केलं! विन्सर अँड न्यूटन या इंग्लंडच्या रंग बनवणाऱ्या कंपनीने झिंकचा 'चायनीज व्हाइट' हा पांढरा रंग जलरंगासाठीच काढला, तोही १८३४ मध्ये. आपली लघुचित्रं तर सफेद्याशिवाय, म्हणजे पांढऱ्या रंगाशिवाय, उभीच राहत नाहीत. मग लबाडी कसली?

चित्र मळकट होतं म्हणता, तर सावलीच्या रंगात पांढरा घालू नका, खडू फासल्यासारखं दिसतं. सावल्या पारदर्शक ठेवा, मोठ्या वॉशमध्ये, म्हणजे पातळ रंगाच्या सलग हातात, एकदाच टाका, पूर्ण वाळू द्या. प्रत्येक वेलबुट्टी कोरत बसू नका. ऊन जिथे लागतं तेवढीच नक्षी पांढऱ्याने उचला. कागद परवडेल तो घ्या, फक्त ३०० जीएसएमच्या (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाच्या) खाली नको.

हो, पांढऱ्यासाठी कागद कोरा राखायला आधी शिकाच. तो हात बसला नसेल तर नुसत्या पांढऱ्याने चित्र सावरत नाही. आणि स्पर्धेच्या नियमात 'पारदर्शक जलरंग' लिहिलं असेल तर तिथे तो नियम पाळा. बाकी कुठल्याही भिंतीवर, क्लासच्यासुद्धा, असं चित्र लागलंच पाहिजे.