मल्टी-टूलच्या पात्याला धार लावताना

मल्टी-टूलचं (पक्कड, पाती, कात्री, करवत एकत्र असलेलं घडीचं अवजार) पातं नीट कापत नाही आणि कात्री कागद चावते, असं तुम्ही विचारलंत, त्याचं हे उत्तर. पहिली गोष्ट, पातं विजेच्या फिरत्या ग्राइंडरवर नेऊ नका. पातं एवढं पातळ असतं की टोकाकडे ते क्षणात तापतं. निळसर झाक आली म्हणजे पोलादाचं पाणी (कडकपणा) उतरलं, मग कितीही घासा, धार टिकणार नाही.

तुम्ही म्हणता, व्ही खाचेच्या शार्पनरमधून अनेकदा ओढूनही साधं (बिनदाती) पातं टोमॅटोवर घसरतं. बहुतेक वेळा यात पोलादाचा दोष नसतो. लेदरमन कंपनीच्या बऱ्याच मॉडेलांत 420एचसी नावाचं पोलाद असतं, व्हिक्टोरिनॉक्स कंपनीचं पातं कडकपणाच्या रॉकवेल मापावर साधारण 56. दोन्ही तशी मऊच. धार लवकर जाते, पण लावायलाही वेळ लागत नाही. अडतं ते बरीवर.

धारेच्या दगडावर पात्याची एक बाजू घासत गेलं की धातू दुसऱ्या बाजूला किंचित वळतो, तीच बर. दिसत नाही. अंगठा पाठीकडून धारेच्या बाहेर सरकवला (धारेच्या लांबीवरून कधीच नाही) की नखाला अडकल्यासारखी लागते. टाचेपासून (मुठीकडून) टोकापर्यंत ती लागेस्तोवर बाजू बदलू नका. टोकाजवळ हमखास राहून जाते, कारण तिथे पातं वळतं आणि आपण मूठ उचलायला विसरतो.

कोन दर बाजूला 20 अंशांच्या आसपास. पातं 15 मिमी रुंद असेल तर पाठ दगडापासून साधारण 5 मिमी वर. अंदाज येत नसेल तर धारेच्या उतारावर काळा मार्कर फिरवून दोन-तीन हात मारा. शाई फक्त वरच्या कडेची गेली तर कोन कमी पडतोय, फक्त अगदी धारेवरची गेली तर जास्त होतोय. पक्कडीची मूठ दगडाला आपटत असेल तर दगड टेबलाच्या कडेला किंवा लाकडी ठोकळ्यावर ठेवा.

400 ग्रिटचा डायमंड दगड, मग 1000, बस्स (ग्रिटचा आकडा जितका मोठा, तितका दगड बारीक). त्यापुढे आरसा करायची हौस असेल तर जरूर करा, दोरी कापायला मात्र थोडी खरबरीत धारच बरी. शेवटी एकेक हात आलटून-पालटून, अगदी हलक्या दाबाने, आणि नंतर चामड्यावर धार मागे ठेवून ओढायचं. मऊ पोलादाची बर चिवट असते. ती राहिली की पातं पहिल्या कापाला वस्तऱ्यासारखं वाटतं आणि दहाव्याला बोथट.

दातेरी पातं सहसा एकाच बाजूने घासलेलं असतं. निमुळती डायमंड कांडी खाचेत बसेल तिथपर्यंत घालून उतार असलेल्या बाजूनेच, एकेक खाच. सपाट बाजू दगडावर पूर्ण टेकवून फक्त बर काढण्यापुरती फिरवायची.

कात्री कागद चावते म्हणता, तर आधी चिकटपट्टीचा डिंक स्पिरिटने पुसून बघा. निम्म्या कात्र्या तेवढ्यानेच सुधारतात. नाहीच सुधारली तर बाहेरच्या तिरक्या कडेवर, आहे त्याच कोनात, दोन-चार हलके हात. आतली बाजू घासायची नाही, एकदा तिथे फट पडली की कात्री कागद दुमडायला लागते. करवतीला हात लावू नका.

काम झाल्यावर कोमट साबणपाण्यात पाती उघडमीट करून धुवा, कारण धातूची भुकटी बिजागरीत शिरलेली असते. पूर्ण वाळू द्या, मग प्रत्येक बिजागरीत तेलाचा एकच थेंब. फळं कापत असाल तर खाण्यायोग्य मिनरल ऑइल घ्या, स्वयंपाकाचं नको. ते काही दिवसांत चिकट होतं आणि खिशातला धागा-धुरळा धरून ठेवतं. आणि लॉकची खाच कोरडीच ठेवा. पातं उघडून लॉक लागल्यावर पाठीवर दाब देऊन बघा, हललं तर धारेआधी तेच दुरुस्त करून घ्या.