उन्हाळ्यात अंगणात दाणे ठेवतो, तरी पक्षी फिरकत नाहीत. काय चुकतंय?

बहुतेकदा दाण्यांपेक्षा पाणी आणि जागा चुकलेली असते. भांडं पसरट, खरखरीत तळाचं घ्या; मातीचं उत्तम. पाणी कडेला 2 सेंमी, मध्ये फार तर 5. खोल, गुळगुळीत भांड्यात पाय घसरतो, मग पक्षी उतरतच नाही. तुमचं भांडं असं खोल असेल तर मध्ये चपटा दगड टाका. सावलीत ठेवा, पण झुडपापासून दोन-तीन मीटर लांब, नाहीतर मांजर दबा धरून बसतं. पाणी रोज बदला.

दाणे दिवसभरात संपतील तेवढेच, मूठभर. ओले दाणे गोळा होऊन बुरशी धरतात, आजार तिथूनच पसरतात. विणीच्या काळात पिल्लांना किडे-अळ्या लागतात. पक्षी दाणे सोडून पानांत शोधाशोध करत असतील तर ते तुमच्यावर रुसलेले नाहीत. फक्त झाडांवर कीटकनाशक मारू नका. अख्खे शेंगदाणे पिल्लांच्या घशात अडकतात, भरड चालेल. पाव आणि खारवलेलं काहीच नको.

एखादा पक्षी पिसं फुगवून भांड्यापाशीच बसून राहिला, तर तो आजारी समजा आणि दाणे-पाणी दोन्ही दोन आठवडे बंद करा. भांडी घासून कडक उन्हात वाळवा.