राजापूरचा निवडणूक इतिहास लिहिताना

प्रिय,

राजापूर लोकसभा मतदारसंघाचा इतिहास लिहायला घेतलास, याचा मनापासून आनंद झाला. नाथ पै, मधु दंडवते, सुरेश प्रभू अशी माळ ओवली की काम झालं असं वाटेल, पण खासदारांची यादी म्हणजे इतिहास नव्हे. आधी नकाशा घेऊन बस.

राजापूर नावाचा लोकसभा मतदारसंघ 2009 पासून नाही. मतदारसंघांच्या पुनर्रचनेत रत्नागिरी-सिंधुदुर्ग तयार झाला. त्यात चिपळूण, रत्नागिरी, राजापूर, कणकवली, कुडाळ आणि सावंतवाडी हे सहा विधानसभा मतदारसंघ आले. दापोली आणि गुहागर रायगडला जोडले गेले. विधानसभेतली मालवण, देवगड, वेंगुर्ला ही नावंही तेव्हाच गेली. म्हणून 2004 आणि 2009 ची मतं शेजारी मांडून ‘अमक्याची इतकी मतं घटली’ असं लिहू नकोस. चिपळूणचा मतदार 2004 ला राजापूरसाठी मत देतच नव्हता. आणखी एक ठेच इथे हमखास लागते: सिंधुदुर्ग जिल्हा 1 मे 1981 ला झाला. त्याआधीच्या कागदांत ‘रत्नागिरी जिल्हा’ म्हणजे थेट सावंतवाडीपर्यंतचा मुलूख.

दुसरी अडचण पक्षांच्या नावांची, आणि राजापूरला ती जास्तच जाणवते. नाथ पै 1957, 1962 आणि 1967 ला प्रजा समाजवादी पक्षाकडून निवडून आले. जानेवारी 1971 मध्ये ते वारले. लोकसभा आधीच विसर्जित झाली होती, त्यामुळे पोटनिवडणूक झाली नाही. ती शोधण्यात वेळ घालवू नकोस. मार्चच्या निवडणुकीत दंडवते त्याच पक्षाकडून जिंकले. तेव्हा महाराष्ट्रातल्या 45 पैकी 42 जागा काँग्रेसला होत्या, हे शेजारी लिहिलंस की त्या एका जागेचं वजन वाचकाला कळेल. पुढे 1977, 1980, 1984 ला दंडवते जनता पक्षाचे आणि 1989 ला जनता दलाचे उमेदवार होते. मात्र निवडणूक आयोगाच्या 1977 च्या अहवालात त्यांच्या नावापुढे भारतीय लोकदल दिसेल. घाबरू नकोस, छपाईची चूक नाही ती. जनता पक्ष तेव्हा लोकदलाच्या नांगरधारी शेतकऱ्याच्या चिन्हावर लढला होता, म्हणून नोंद त्या नावाने झाली. तुझ्या तक्त्यात ‘नोंदीतला पक्ष’ आणि ‘प्रत्यक्ष पक्ष’ असे दोन रकाने ठेव, चिन्हाचा तिसरा. नाहीतर सलग चाललेला समाजवादी प्रवाह तीन-चार पक्षांत तुटल्यासारखा दिसेल.

1991 वर मात्र थांब. दंडवते हरले, काँग्रेसचे सुधीर सावंत जिंकले. त्याआधी जेमतेम वर्षभर, 1990 मध्ये, दंडवते अर्थमंत्री असताना कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं होतं. म्हणून ‘काम करूनही लोकांनी पाडलं’ असं भावुक वाक्य लिहावंसं वाटेल. लिहू नकोस. आधी 1989, 1991 आणि 1996 या तिन्ही वर्षांची पहिल्या तीन उमेदवारांची मतं एका कागदावर घे. 1996 ला सुरेश प्रभू शिवसेनेकडून जिंकले आणि 2004 पर्यंतच्या सगळ्या निवडणुका त्यांनी जिंकल्या. समाजवाद्यांची मतं शिवसेनेकडे कधी आणि किती सरकली, हा या मतदारसंघाचा सगळ्यात मोठा प्रश्न आहे. विजेत्यांच्या यादीत त्याचं उत्तर नाही, दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या मतांत आहे.

टक्केवारी काढताना भाजक तपास. मतदानाचा टक्का एकूण मतदारांवर काढायचा, उमेदवाराच्या मतांचा वाटा वैध मतांवर. मतपत्रिकांच्या काळात बाद मतं बरीच असायची, ती वजा कर. 2014 पासून ‘नोटा’ आहे. ती मतं धरली की नाही ते एकदा ठरव आणि तक्त्याखाली लिही. अनामत जप्तीसाठी वैध मतांचा एक षष्ठांश ही अट आहे, त्यात नोटा धरत नाहीत. 1989 ला मतदाराचं वय 21 वरून 18 वर आलं, म्हणून त्या वर्षी मतदारसंख्येची उडी दिसली तर ती लाट समजू नकोस.

कोकणात मतदान कमी झालं की लोक उदासीन, असाही निष्कर्ष काढू नकोस. नाव गावच्या यादीत आणि माणूस मुंबईत, ही चाकरमान्यांची जुनी रीत. 2011 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया होत्या, सिंधुदुर्गात 1036. बायकांचा आणि पुरुषांचा टक्का वेगळा काढल्याशिवाय इथल्या मतदानावर काहीच लिहू नकोस.

मतदान केंद्रनिहाय आकडे फॉर्म 20 मध्ये, म्हणजे निकालाच्या अधिकृत तक्त्यात, मिळतात. मतदान यंत्रांच्या आधी मतपत्रिका मिसळून मोजायचीही पद्धत होती, त्यामुळे जुन्या निवडणुकांत गाववार निकाल मिळेलच असं धरू नकोस. नव्या निवडणुकांतही केंद्रांचे क्रमांक बदलतात, म्हणून क्रमांकावरून नव्हे, शाळेच्या आणि वाडीच्या नावावरून जुळव. टपाली मतं वेगळी लिही, नाहीतर बेरीज जमणार नाही.

2009 ला निलेश राणे, 2014 आणि 2019 ला विनायक राऊत, 2024 ला नारायण राणे निवडून आले. या शेवटच्या निवडणुकीत राऊत ठाकरे गटाच्या मशाल चिन्हावर लढले, राणे भाजपच्या कमळावर, आणि बऱ्याच निवडणुकांनंतर इथल्या यंत्रावर शिवसेनेचा धनुष्यबाण नव्हता. कणकवली, कुडाळ, सावंतवाडीत नारायण राणे पुढे. चिपळूण, रत्नागिरी, राजापुरात राऊत. म्हणजे मतं जिल्ह्याच्या रेषेवर फाटली. जुन्या मतदारसंघात राजापूर तालुका सावंतवाडीच्या बाजूला होता, 2024 ला तो रत्नागिरीच्या बाजूने गेला. सुरुवात तिथून कर. राजापूर विधानसभेतली 2009 ते 2024 च्या चारही लोकसभा निवडणुकांची केंद्रं वाडीवार जुळव आणि तो तक्ता आधी पाठव, मजकूर नंतर.

तुझा,
काका